उभारीवरचा कंदील

मी लिहायला बसलो आहे हेच मुळात धाडस आहे, आणि त्याबद्दल आधी माफी मागतो. आमच्या घरात माझ्याआधी कोणी अक्षर गिरवलेलं नाही. माझा बा अमरावतीजवळच्या मळ्यात वांगी, मेथी आणि झेंडू पिकवतो आणि बाजारात विकतो. त्याचा बापही तेच करी. मी पुण्याला कॉलेजात आहे. इथं घोटीव मराठी लिहिणारे इतके आहेत की त्यांच्यासमोर वही उघडायची मला लाज वाटते. तरी लिहितो. भाषा चुकली तर वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावी. घडलं ते मात्र घडलं तसंच सांगेन, माझी बाजू बरी दिसावी म्हणून काही फिरवणार नाही.

मला एका कंदिलाविषयी सांगायचं आहे. तो माझ्या थोरल्या भावाचा, दादाचा होता. तो मी काढायला नको होता आणि मी काढला.

कापसाला भाव चढला तेव्हा मी मराठी शाळेत होतो. परमुलखात कुठं तरी मोठी लढाई चालू आहे, म्हणून आपला कापूस विलायतेला हवा आहे, असं गुरुजी सांगत. अमरावतीत आम्हाला ती लढाई रस्त्यावरच दिसे. बैलबंडीला बैलबंडी भिडे, आणि मागं सरायला कोणी तयार नसे. मग उभाऱ्या निघत. उभारी म्हणजे माल घसरू नये म्हणून बंडीच्या कडेला खोचलेला बाभळीचा उभा दांडा. तो एका हिसक्यात हातात येतो, आणि त्याचा एक घाव माणसाला आडवा करायला पुरतो. फुटलेली डोकी, सुजलेले डोळे, तुटलेल्या शिंगाचे बैल हे आम्हा पोरांना रोजचंच झालं होतं.

एकदा पुढं वाट अडली म्हणून अकरा बंड्या कुंपण मोडून आमच्या मळ्यात घुसल्या. बा आडवा गेला. एकानं बैल टोचायच्या खिळ्याच्या काठीनं त्याच्या दंडात भोसकलं आणि बंडी तशीच हाकली. बंड्या गेल्यावर बा रक्त पुसत मोडलेल्या वांग्यांतून फिरत राहिला. संध्याकाळी तो दादाला म्हणाला, "मळा मी पाहीन. तू बंडी घे. तुडवनारा हो बाप्पा, तुडवून घेनारा नको होऊ."

दादा माझ्याहून सात वर्षांनी मोठा. त्यानं बंडी घेतली आणि अमरावतीहून अकोल्याला कापूस नेणाऱ्या एका तांड्यात लागला. त्या वेळी आगगाडीचे रूळ अकोल्यापर्यंत आले होते, आमच्याकडे यायचे होते. तांड्याचा मुकादम म्हातारा होता. कुठल्याशा मारामारीत त्याचा एक कान गेला होता. त्यानं दादाला शेवटची बंडी दिली. शेवटची बंडी म्हणजे मार खायची जागा. अंधारात चोर मागून येत, विळ्यानं गठाण्या, म्हणजे कापसाचे गठ्ठे, चिरत आणि मूठमूठ कापूस ओढून पळत. दादानं पहिल्याच महिन्यात अशा एकाचा जबडा मोडला. त्यानंतर त्याची बंडी कायमचीच शेवटची झाली.

शेवटच्या बंडीला कंदील असे. दादाचा कंदील पत्र्याचा होता, तीन बाजूंना काच, आत जवसाच्या तेलाचा दिवा. इतर लोक कंदील सुतळीनं बांधत. दादानं लोहाराकडून दोन पात्यांचा चाप करून घेतला होता. मागची टोकं मुठीत दाबली की चापाचा जबडा उघडे, सोडली की तो उभारीला असा चावे की कितीही धक्के बसोत, कंदील हलत नसे. काढताना आधी चाप पूर्ण दाबायचा, मग कंदील किंचित डावीकडे वळवून अलगद उचलायचा. घाईनं ओढला तर पातं बोटाचं मांस धरून बसे. दादाच्या अंगठ्याला त्याची कायमची जखम होती. वाटेत कंदील बंडीच्या मागं, खालच्या बाजूला असे. नदीचा उतार आला की दादा तो तिथून काढी आणि पुढच्या उभारीच्या टोकावर, गठाण्यांच्याही वर लावी.

तो वर का लावायचा, हे मला ठाऊक नव्हतं. इथं सांगून टाकतो. नदीच्या उतारावर वाट एकाच बंडीपुरती असते. एक तांडा पाण्यात असला की समोरच्या तांड्यानं पलीकडच्या काठावर थांबायचं. पण पहाटेच्या अंधारात, धुक्यात, समोरचा तांडा संपला की नाही हे कळणार कसं? म्हणून शेवटच्या बंडीचा कंदील उंच लावायचा. दिवा दिसतो तोवर वाट बंद. शेवटची बंडी पलीकडे चढली की तिच्या गाडीवानानं स्वतः कंदील काढून विझवायचा. दिवा गेला की वाट मोकळी. हा नियम कुठं लिहिलेला नव्हता. पण रस्त्यावरच्या प्रत्येक गाडीवानाला तो स्वतःच्या नावासारखा पाठ होता.

परीक्षा पास होऊन मी पुण्याला निघालो तो थंडीचा हंगाम होता. अकोल्याला आगगाडी धरायची, म्हणून मी दादाच्या बंडीत गठाण्यांवर बसून निघालो. पेटी पायाशी होती. तांड्याला माझी मोठी करमणूक झाली.

"काहो बालिष्टर," मुकादम ओरडला, "बैलाले इंग्रजीत काय म्हंतेत?"

मी सांगितलं, "ऑक्स."

"ओकस! हान बे, तुह्या बैलाले ओकस म्हून हाक मार, पाहू चालते का." मग चाळीस बंड्यांवरून ओकस, ओकस असा गलका उठला आणि बैल बिचकले.

दादा हसला नाही. त्याला माझा अभिमान होता, आणि तो कसा दाखवावा हे त्याला कळत नव्हतं. तो दर थोड्या वेळानं मागं वळून म्हणे, "पेटी सांभाळून हाय ना?"

काटेपूर्णेवर पोचलो तेव्हा उजाडायचं होतं. नदीवर धुकं होतं. पलीकडच्या काठावर अकोल्याहून माल भरायला निघालेला रिकाम्या बंड्यांचा तांडा थांबलेला होता. बैलांच्या घंटा ऐकू येत, माणसं दिसत नव्हती. आमच्या बंड्या एकेक करून उतरू लागल्या. दादानं कंदील मागून काढला आणि पुढच्या उभारीवर, माझ्या डोक्याजवळ चाप बसवला.

"याले हात लावू नको," तो म्हणाला. "म्या लावला, म्याच काढीन."

"कावून?" मी कारण विचारलं.

"कावून म्हंजे? सांगतलं ना!"

त्याला बैलांच्या तोंडाशी जायची घाई होती. मला वाटलं, आपल्या कंदिलाचं त्याला कौतुक आहे, दुसरं काय. मी पुन्हा विचारलं नाही. पुण्यात शिकायला निघालेल्या माणसानं गाडीवानाला कंदिलाविषयी काय विचारायचं, असंही कुठं तरी मनात असेल. तसं होतं असं लिहायला जड जातं, पण होतं.

आमची बंडी उतारावर आली. चाक दगडावरून धाडकन खाली आदळलं आणि चाप धुक्यानं ओल्या झालेल्या उभारीवर घसरून कंदील तिरपा झाला. तेल सांडलं. ज्योत झाकणाबाहेर आली. माझ्या शेजारच्या गठाणीचं गोणपाट फाटलेलं होतं आणि कापसाचा पुंजका बाहेर लोंबत होता. तो काळा पडला. मग त्याच्या कडेनं एक लाल रेघ सरकताना दिसली. मी तो पुंजका तळहातानं चुरगाळला. हात भाजला. "दादा!" म्हणून ओरडलो. तो खाली बैलांच्या नाकाची दोरी धरून त्यांना शिव्या देत होता, त्याला ऐकू गेलं नाही. बंडी पुन्हा हिंदकळली, ज्योत पुन्हा बाहेर आली. मी चाप दाबला, कंदील डावीकडे वळवला, उचलला आणि फुंकर मारली.

मला आठवतं, मी स्वतःवर खूश झालो होतो.

आमच्या पुढं अजून चार बंड्या पाण्यात होत्या आणि एक पलीकडचा चढ चढत होती. समोरून हाळी आली, "गेला दिवा! हाना!" रिकाम्या बंड्या उतारावर सुटल्या. रिकामी बंडी उतारावर एकदा सुटली की बैलांनाही थांबवता येत नाही. त्यांची पहिली बंडी आमच्या चढणाऱ्या बंडीवर समोरून आदळली. त्यांच्या बंडीच्या एका बैलाची मान जुवात पिळवटली गेली. तो जे हंबरला, तसा आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता. त्यांच्या त्या बंडीचा गाडीवान, पंचविशीतला जवान माणूस, उडी मारून सुटलेल्या दुसऱ्या बैलाची दोरी धरायला आमच्या चढणाऱ्या बंडीच्या मागं गेला. त्याच वेळी ती भरलेली बंडी चढावरून मागं घसरली. चाक त्याच्या छातीवरून गेलं. पाण्यात तो एकदाच उठून बसला, तोंडातून रक्त आलं, आणि पडला.

मग नदीत जे झालं त्याला मारामारी म्हणणं कमी आहे. दोन्ही तांड्यांनी उभाऱ्या उपसल्या. माणसं गुडघाभर पाण्यात एकमेकांना दिसेल तिथं मारत होती. एकाचा हात कोपरापासून उलटा लोंबताना पाहिला. एक जण पडलेल्याचं डोकं पाण्यात दाबून धरत होता आणि दुसरा त्याच्या पाठीत खिळ्याची काठी खुपसत होता. आमच्यातल्या एकानं दात थुंकले आणि पुन्हा मारायला गेला. मी गठाण्यांवर तसाच बसून होतो. विझलेला कंदील माझ्या हातात होता.

उजाडलं तेव्हा दोन्हीकडची माणसं दमून थांबली. आमचा मुकादम पाणी तुडवत आमच्या बंडीशी आला. त्याच्या कपाळावरून रक्त गळत होतं. मागून समोरच्या तांड्यातले सात-आठ जण आले. त्यांच्या पुढं मेलेल्या माणसाचा थोरला भाऊ होता. धाकट्याचं रक्त त्याच्या सदऱ्याला लागलं होतं.

"कंदील कोनं काढला?" मुकादमानं विचारलं.

दादानं वर पाहिलं. तेव्हा त्याला माझ्या हातातला कंदील दिसला. तो चाकावर पाय देऊन वर चढला, कंदील माझ्या हातून हिसकला आणि खाली उतरून म्हणाला, "म्या."

"तुले माईत नाई? किती साल झाले तुले या रस्त्यावर?"

"चुकलो."

मी तोंड उघडलं. "दादा, मी..." एवढंच बाहेर पडलं. दादानं वळून माझ्या तोंडावर असा हात मारला की ओठ फाटला आणि मी गठाण्यांवर कोसळलो.

"चूप बैस! तुले कोन इचारलं बे? कालेजात जाय तू."

मग आमच्या मुकादमानं त्याला उभारीनं मारलं, आणि मग त्यांच्यातल्या प्रत्येकानं. दादानं हात वर केला नाही. दादा खाली पडल्यावर मेलेल्याचा थोरला भाऊ त्याच्या छातीवर गुडघा देऊन बसला आणि हळू आवाजात बोलला. ओरडला असता तर बरं वाटलं असतं.

"माहा भाऊ चाकाखाली मेला. तुले बी चाकाखालीच घालीन. आज तुह्ये लोक जास्त हायेत. पन तू कुठी बी जाय, म्या येतो."

ते आपल्या माणसाचं प्रेत घेऊन अकोल्याकडे माघारी वळले. मुकादमानं दादाला उठवलं आणि म्हणाला, "पळ. मेळघाटात जाय. घरी नको जाऊ." दादा उत्तरेकडच्या रानात शिरला. एक पाय ओढत होता. त्यानं मागं वळून पाहिलं, आणि मला वाटलं काही सांगेल. "पेटी घे," असं तो म्हणाला.

दुसऱ्या गाडीवानाच्या हवाली बंडी करून मुकादमानं मला अकोल्याला नेलं. स्टेशनाकडे जाण्याआधी गठाण्या उतरवायला मोर्णा नदीपलीकडे जुन्या शहरात जावं लागलं. तिथल्या एका बोळातून मी डोक्यावर पेटी घेऊन चाललो होतो. एका दारात गर्दी होती. आत बांगड्या दगडावर फोडल्याचा आवाज आला आणि त्यामागून एका बाईचं ओरडणं. दारात थोरला दिसला आणि मी ओळखलं, हे मेलेल्या गाडीवानाचंच घर. दहा पावलांवर मुकादम होता, त्या दारात थोरला होता. "मी काढला" एवढे दोन शब्द बोलायचे होते. मी बोळ ओलांडला. दुपारच्या आगगाडीत बसलो.

पुण्यात कोणाला काही ठाऊक नव्हतं. माझ्या तोंडून चुकून "मले" निघालं की सोबती हसत आणि म्हणत, "वऱ्हाडातून आला, ले-ले घेऊन आला!" मीही हसे. गुरुजींची पत्रं येत. बाच्या वतीनं तेच लिहीत. पहिल्या पत्रात होतं की थोरला माणसं घेऊन मळ्यावर आला होता. बाला बाभळीला बांधून त्यांनी दादाचा ठाव विचारला. बानं सांगितलं नाही. त्यांनी कडब्याची गंजी पेटवली आणि बाच्या दोन बरगड्या मोडल्या. दुसऱ्या पत्रात होतं की दादा जिवंत आहे, मेळघाटात धारणीकडे आहे, अंगात ताप असूनही रुळांखाली घालायच्या सागाच्या लाकडांवर कुऱ्हाड चालवतो. हे कोणाला सांगू नये.

ते वाचल्यावर मला अभ्यास सुचेना. पुस्तकाचं पान उघडलं की बाभळीला बांधलेला बा दिसे. शेवटी मी ठरवलं की खरं कळवायचं. थोरल्याला अकोल्याच्या पत्त्यावर पत्र लिहिलं. चार वेळा लिहून फाडलं, पाचव्यांदा पाठवलं. कंदील मी काढला, कापूस पेटत होता म्हणून काढला, नियम मला ठाऊक नव्हता, दादानं माझ्यासाठी आळ घेतला, असं सगळं लिहिलं. माझा पुण्याचा पत्ता लिहिला, आणि यायचं तर माझ्याकडे यावं असंही लिहिलं. त्याला दादाची दया यावी म्हणून शेवटी आणखी दोन ओळी घातल्या. तो निर्दोष माणूस घरदार सोडून, अंगात ताप घेऊन, रुळांखाली घालायची लाकडं तोडतो आहे, असं त्यात होतं. गावाचं नाव मी लिहिलं नाही. तेवढी काळजी मी घेतली होती आणि मला ती पुरेशी वाटली.

मग मी वाट पाहू लागलो. जिन्यावर जड पावलं वाजली की उठून उभा राही. कोणी आलं की आधी त्याच्या हाताकडे बघे. ते आले तर पळायचं नाही, हे मी मनाशी पक्कं केलं होतं. दोन महिने कोणी आलं नाही.

गेल्या आठवड्यात गुरुजींचं पत्र आलं. ते लिहितात, दादा घरी आला आहे. त्याला थोरल्यानंच आपल्या बंडीत घालून आणलं. माझं पत्र त्यांनी अकोल्यात एका कारकुनाकडून वाचून घेतलं होतं. रुळांची लाकडं मेळघाटात कुठं भरतात, हे गाडीवानांना कोणाला विचारावं लागत नाही. अर्धे बैल तिथंच जुंपलेले असतात. ते सरळ धारणीला गेले आणि लाकडाच्या अड्ड्यावर त्यांनी त्याला धरलं. आधी उभाऱ्यांनी मारलं. मग भरल्या बंडीपुढं आडवं पाडून विचारलं, "तुहा भाऊ लिहिते का त्यानं काढला. खरं हाय का?"

दादा म्हणाला, "खोटं लिहिते तो. म्याच काढला."

त्यांनी बंडी हाकली. चाक उजव्या हातावरून गेलं. छातीला टेकायच्या आधी थोरल्यानं स्वतः पुढं होऊन बैल धरले. का धरले, ते तो बोलला नाही. बाच्या ओट्यावर दादाला उतरवून तो म्हणाला, "आता आमचं तुमचं काई नाई," आणि पाणी न पिता गेला. हात मनगटापासून काढावा लागला. जखम चिघळली आहे, ताप फार आहे, वैद्य काही सांगत नाहीत. इथं ते पत्र संपलं होतं.

काल संध्याकाळी दुसरं आलं, दोन ओळींचं. ताप उतरला आहे. डाव्या हातानं भाकर मोडून खाल्ली.